आंब्याचं दार

(स्नेहमेळाव्यात मांडलेलं मनोगत)



संयोजकांनी सांगितलं होतं, शाळेबाहेर ज्यांनी आपल्याला घडवलं अशा एका माणसाबद्दल बोला. मी माझ्या आजोबांबद्दल, आबांबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलंय. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात मोडके बाक उलटे करून बसलेला, कानावर पेन्सिल अडकवलेला म्हातारा आठवतो? तेच आबा.

राजगडाच्या पायथ्याला आमची वाडी. आबा गावचे सुतार. नांगर, कुळव, पाळणे, दारं-खिडक्या, सगळं त्यांच्या हातचं. जुन्या घरांकडून सुगीला बलुतं म्हणून भात यायचं, बाकीचे रोख द्यायचे, काही जण तेही द्यायचे नाहीत. आबांनी कुणाचा नांगर त्यासाठी अडवला नाही. म्हणायचे, "पाऊस थांबतो व्हय कुणासाठी?"

वाकस, रंधा, पटाशी, गुण्या, सामता ही हत्यारं एका गोणपाटात गुंडाळलेली असायची. त्यांना पाय लागलेला आबांना चालत नसे. लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावं म्हणजे कीड लागत नाही, असं ते मानत. तोडल्यावर ओंडक्याची तोंडं शेण-मातीनं लिंपायची, म्हणजे ती घाईनं वाळून तडकत नाहीत. मग खाली दगड देऊन सावलीत ठेवायचं आणि काही वर्षं विसरून जायचं. नांगराला बाभूळ, विहिरीत घालायला जांभूळ, दाराला साग. आंब्याला मात्र ते नावं ठेवायचे. "आंबा खावा, त्याचं दार करू नये."

वर्षातून एकदा आम्हा नातवंडांना ते गडावर न्यायचे. गुंजवण्याकडून चोरवाटेनं चढायचं, पद्मावतीच्या तळ्यावर भाकरी सोडायची. लोक तिथे इतिहास सांगतात, आबा बांधकाम दाखवायचे. संजीवनी माचीच्या दुहेरी तटावर हात ठेवून म्हणायचे, "बघा, डोंगराचा कल बघून दगड बसवलाय. डोंगराशी भांडण नाही केलं." बालेकिल्ल्यावरून खाली आमच्या वाडीची कौलं दिसायची. एकेका घराकडे बोट दाखवून ते दार कधी केलं, कुणाच्या लग्नाच्या वेळी केलं, हे सांगायचे. आमच्या घराकडे बोट गेलं की म्हणायचे, "आपलं राहिलंय."

आमच्या पडवीत सागाचे दोन ओंडके होते. घराच्या मोठ्या दारासाठी आणि चौकटीसाठी ठेवलेले, माझ्या जन्माच्याही आधीपासूनचे. ते दार आबांना सावकाश, मनासारखं करायचं होतं.

१९९१ च्या जूनमध्ये आपला दहावीचा निकाल लागला. मला पुण्याला अकरावी सायन्सला घालावं असं ठरलं. फी, खोली, खाणावळ, पैसे कुठून आले हे मी विचारलं नाही. त्या वयात कोण विचारतं? दिवाळीला घरी आलो तर पडवी रिकामी. आबांना विचारलं. ते रंध्याचं पातं दगडावर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "वाळवीनं खाल्लं रं. माझंच ध्यान नव्हतं."

मी विश्वास ठेवला. मनात असंही आलं, की आबा आता म्हातारे झाले.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांनी घराला दार केलं. आंब्याचं. पावसाळ्यात ते फुगायचं आणि लागता लागायचं नाही. गावात चेष्टा व्हायची, सुताराच्याच घराला आंब्याचं दार. आबा हसायचे. २००३ साली ते गेले, त्याच दारातून त्यांना बाहेर नेलं.

गेल्या वर्षी या मेळाव्याच्या तयारीसाठी मी आपल्या गणिताच्या सरांकडे गेलो होतो. सर इथे पहिल्या रांगेत बसलेत. चहा पिताना ते सहज बोलून गेले, "तुझ्या आजोबांच्या सागाचे घनफूट मीच काढून दिले होते. व्यापारी कमी मोजेल म्हणून मला बोलावलं होतं त्यांनी. तुझं पहिलं वर्ष निघालं त्यात."

मला काही बोलता आलं नाही. पैशांसाठी लाकूड विकणारे आजोबा पुष्कळ असतील. पण ज्या माणसानं आयुष्यात लाकडाला वाळवी लागू दिली नाही, त्यानं नातवाला सांगितलं की माझ्या हातून वाळवी लागली. माझ्या मनावर ओझं नको म्हणून त्यांनी स्वतःच्या कसबाला बट्टा लावून घेतला. आणि मी तो इतकी वर्षं खरा मानला. त्यांच्यासमोर "आबा, मला ठाऊक आहे" एवढं म्हणायचं राहून गेलं. म्हणून आज तुमच्यासमोर म्हणतोय, कारण तुम्ही त्यांना ओळखत होता.

सर, तुम्ही शब्द पाळलात, आणि अखेर सांगितलंत. दोन्हींसाठी तुमचा ऋणी आहे.

ते दार बदलून पुण्याहून तयार दार आणू, असं मी घरी कितीदा तरी म्हणालो होतो. आता म्हणत नाही. यंदाच्या श्रावणात ते पुन्हा अडकलं. मुलगा रंधा घेऊन धावला. मी त्याला थांबवलं. आबांनी शिकवलंय, फुगलेलं दार पावसात रंधायचं नाही. रंधलं तर उन्हाळ्यात फट पडते. दिवाळीपर्यंत थांबायचं, ते आपोआप आटतं.

तोवर आम्ही सगळे खांदा लावून ते दार उघडतो.