कणगीतलं शहाणपण



ज्वारीच्या भावाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज घरातल्या ज्वारीबद्दल बोलू.

आपल्या आज्या कणगी शेणामातीनं सारवायच्या, ज्वारीला कडक उन्हं दाखवायच्या. दाणा दाताखाली कटकन वाजला तरच तो कणगीत जायचा. वर वाळलेला निंबाचा पाला. आज शास्त्र सांगतं, दाण्यातला ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की सोंड्यांची वाढ मंदावते. आजीनं तेच दातानं मोजलं होतं.

आता धान्यात गोळी टाकतात. अॅल्युमिनियम फॉस्फाईडची ही गोळी हवेतल्या ओलाव्यानं विषारी वायू सोडते. तो माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. रिसोडला राहा की मंगरूळपीरला, राहत्या घरात गोळी टाकू नका.

हे राखणीचं काम बाईचं, म्हणून त्याची मजुरी कोणत्याच वहीत चढली नाही. निदान त्याची अक्कल तरी आपण मानू.

आषाढात पेरणी आटोपून, बाहेर पाऊस असताना, घरच्या ज्वारीची गरम भाकर, ठेचा अन् कांदा! हे सुख दुकानात मिळत नाही. आज घरी गेलात की मायला विचारा, कणगी कशी भरायची?