खड्डा दिसला नाही पाहिजे

आज माझ्या नव्या नादाबद्दल बोलूया: मेटल डिटेक्टिंग. मी राहतो अमेरिकेत, न्यू जर्सीला. इथे पार्कमध्ये हेडफोन लावून, गवतावर मशीन फिरवणारे लोक दिसतात. आता त्यातलाच मी एक.

पहिल्या दिवशी 'बीप' आला की खणत सुटलो. सापडलं काय? बाटल्यांची झाकणं, फॉइल आणि कॅनच्या टॅब. वैतागून मी सेटिंगमध्ये टॅबचा आवाजच बंद केला. तिथेच चुकलो! अ‍ॅल्युमिनियमची टॅब आणि सोन्याची अंगठी यांचा सिग्नल बऱ्याचदा सारखाच येतो. कचरा नको म्हटलं, की सोनंही गेलं.

मग हळूहळू हात बसला. कॉइल जमिनीला समांतर, गवताला लागेल इतकी खाली ठेवायची. सावकाश फिरवायची, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवायची. चार महिन्यांनी मला 1944 ची एक डाइम मिळाली. 1964 पर्यंतच्या डाइममध्ये 90 टक्के चांदी असायची. किंमत फार नाही हो, पण ती हातात घेतल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

पण त्याआधी एक फजिती झाली होती. पार्कच्या एका कर्मचाऱ्याने मला थांबवून गवतातले गोल, वाळलेले चट्टे दाखवले. माझेच खड्डे! तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, की असे चट्टे वाढले तर परमिट सगळ्यांचंच बंद होईल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी तीन बाजूंनीच कापतो. चौथी बाजू जोडलेली ठेवून गवत झाकणासारखं उलटतो. माती कापडावर काढतो, परत भरतो, पायाने दाबतो. कडक उन्हात गवत सुकलेलं असेल, तर खणतच नाही.

आणि परवानगी आधी! इथे प्रत्येक गावाचा नियम वेगळा, नॅशनल पार्कमध्ये तर बंदीच. भारतातून ऐकताय? 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. आणि संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. तिथे फक्त फोटो काढा.

काय सापडलं ते सगळेच विचारतात. तुम्ही उठून गेल्यावर जागा कशी दिसते, ते आधी बघा. चला, भेटू पुढच्या भागात!