बहिणीची सही

वडिलांचं दिवसकार्य आटोपतं, तेराव्याचे पाहुणे पांगतात आणि मग भाऊ बहिणीला म्हणतो, "ताई, उद्या तालुक्याला जाऊन येऊ. एक सही लागते." ताई जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिचा फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, ती सही करते. येताना भाऊ साडी घेतो, एसटीत बसवून देतो. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा तिने भावाला विनामोबदला दिलेला असतो. मुद्रांक शुल्कही नाममात्र लागतं.

यात कुणी कुणाला दमदाटी केलेली नसते. घरात प्रेम असतं, भाऊबीज असते. स्त्रियांवरचा अन्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण येते, हुंडाबळी येतात. पण लाखो बायकांना जमिनीपासून दूर ठेवणारी गोष्ट हसतखेळत, चहा पीत उरकली जाते. म्हणून आज मी या सहीबद्दल बोलणार आहे.

कायद्याची वाट इथवर किती वर्षांनी आली ते आधी पाहू. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी वडिलांची वारस झाली, पण वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने 1994 साली तो मुलींना दिला, मात्र तेव्हा लग्न न झालेल्यांनाच. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या मुलींना, विवाहित असोत की अविवाहित, मुलाइतकाच हक्क मिळाला. "वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते का?" हा वाद आणखी पंधरा वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: वडील हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्माचा आहे.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आदिवासी बहिणींची लढाई अजून निराळीच आहे.

तेव्हा कायद्याचा दरवाजा उघडला. आता शेताकडे पाहा. ग्रामीण भारतात काम करणाऱ्या दर 4 स्त्रियांपैकी 3 शेतीत राबतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, भातलावणी ही कामं बहुतेक बायकांच्याच हातची. पण 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण खातेदारांत स्त्रिया होत्या जेमतेम 14 टक्के.

सातबाऱ्यावर नाव नसलं की काय होतं? पीककर्ज मिळत नाही. पीएम किसानचा हप्ता खात्यात येत नाही. अतिवृष्टीची भरपाई येते ती खातेदाराच्या नावे. आता शेतकरी ओळख क्रमांक निघतो, तोही सातबाऱ्याला जोडलेला. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोपुढे पहिला डोंगर उभा राहतो तो हाच. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि दुसऱ्या दिवशी पेरायचं तिने. महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्या या बायकांसोबत वर्षानुवर्षं तहसीलच्या पायऱ्या चढत आहेत.

आता भावांची बाजू. ती मला खोटी वाटत नाही, म्हणून तिचा विचार करू या.

पहिलं म्हणणं असं: "तिच्या लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा वाटा." पण तो पैसा मांडवात, पंगतीत, मानपानात गेला. हुंडा दिला असेल तर तो सासरच्या हाती पडला, आणि हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्यातली रक्कम वाट्यात कशी मोजायची? शिवाय भावाचं लग्नही त्याच घरातून झालं, ते कुणी त्याच्या वाट्यातून वजा केलं नाही.

दुसरं म्हणणं: "जमिनीचे तुकडे होतात." खरं आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1970-71 साली चार हेक्टरांच्या वर होतं, ते 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आलं. पण हे तुकडे पाडले कुणी? मुलींना तर वाटा मिळतच नव्हता. तीन भाऊ वाटणी करतात तेव्हा तुकड्यांची चिंता बांधावर येत नाही. आणि नाव लावणं म्हणजे लगेच बांध घालणं नव्हे. सामाईक सातबारा राहू शकतो. कसायला भावाकडे राहील, बहिणीला धान्य किंवा खंड येईल.

तिसरं म्हणणं सगळ्यांत वजनदार: "आईबापाचं म्हातारपण मी काढलं." ज्याने काढलं त्याला जास्त मिळावं, यात गैर काही नाही. पण मग हिशेब सेवेचा करा. पुण्या-मुंबईला गेलेला भाऊ, ज्याने आईचं एक औषध आणून दिलं नाही, त्याचाही वाटा शाबूत असतो. आणि म्हातारपण बहुतेक घरांत काढते ती सून. तिचं नाव कुठेच नसतं.

इथेच खरी गोम आहे. माहेरी ती बहीण म्हणून सही करते. सासरी ती सून, तिथेही सातबाऱ्यावर तिचं नाव चढत नाही. आणि गंमत अशी की जो भाऊ आपल्या बहिणीची सही घेऊन येतो, तोच घरी बायकोला म्हणतो, "तुझ्या भावाकडे तुझा वाटा माग की!" हक्क त्याला मान्य असतो. फक्त तो दुसऱ्याच्या शेतातून यावा एवढीच अपेक्षा असते.

शेतकरी संघटनेने हा विषय फार आधी हाती घेतला होता. 1986 साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. हे काम मोठंच होतं. मात्र बायकोला दिलेली जमीन घरातच राहते, बहिणीला दिलेली घराबाहेर गेली असं वाटतं. म्हणून बहिणीच्या वाट्याची गावमोहीम निघणं कठीण.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात मुलामुलींचा वाटा सारखा आहे, आणि पत्नीच्या संमतीशिवाय घरजमीन विकता येत नाही. कायदा घरातल्या व्यवहारात उतरू शकतो, ही गोष्ट आपल्या दाराशीच आहे.

बहिणी सही का करतात? कारण सोपं आहे. माहेर तुटेल ही भीती. सासरी काही बिनसलं तर परतायला एक दार हवं, आणि ते दार भावाच्या हाती. म्हणजे ती जमीन देऊन आधार विकत घेते. ज्या आधारासाठी जमीन सोडावी लागते, त्याचा भरवसा किती? जमीन नावावर असलेल्या बहिणीला माहेरी नेणारा रस्ता तिचा स्वतःचा असतो.

मग करायचं काय? मी एकच क्रम सुचवते: आधी नोंद, मग सही. वडील गेल्यावर तीन महिन्यांत वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. त्यात आईचं, सगळ्या मुलांचं, सगळ्या मुलींचं नाव लावा. "इतर हक्क" या रकान्यात बहिणीला ढकलून देऊ नका. तिला खातेदारांच्या रांगेत बसवा. फेरफाराची नोटीस आली की बहिणींनी ती वाचावी, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी. सातबारा आता मोबाईलवर पाहता येतो, तो पाहत जा. कारण नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागाहून रद्द करायचं तर कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. सख्ख्या भावाविरुद्ध ते किती बहिणी करतील?

नाव लागलं, वर्ष-दोन वर्षं गेली, आणि मग बहिणीला वाटलं की भावाची ओढाताण आहे, आपला वाटा त्याला द्यावा, तर तिने खुशाल द्यावा. तेव्हा ती आपल्या मालकीचं काही देत असेल. आज ती जे देते, ते तिच्या हाती कधी आलेलंच नसतं. भावांनो, एवढं करा: सही मागण्याआधी तिचं नाव लावा. नंतरही ती सही करते का ते पाहा. करणार नाही अशी धास्ती वाटत असेल, तर आजवर घेतलेल्या सह्या किती राजीखुशीच्या होत्या, याचं उत्तर तुम्हाला मिळालं.