गुपित कशासाठी आणि कोठवर?

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यापासून निघालेली जंबू सवारी सुमारे पाच किलोमीटरांची वाट चालून बन्नीमंटपाला पोचते आणि त्याच मैदानावर रात्री मशालींचे संचलन होते. कानडीत बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी विराटनगरीत शिरण्यापूर्वी आपली शस्त्रे शमीवृक्षावर बांधून ठेवली, ही महाभारतातील कथा दसऱ्याला महाराष्ट्रातही घरोघर सांगितली जाते. त्या कथेची बांधणी पाहण्यासारखी आहे. शस्त्रे लपविण्याला सबळ कारण होते आणि त्या लपविण्याला मुदतही होती. मुदत सरताच अर्जुन उत्तराला त्याच वृक्षापाशी आणतो, गांडीव खाली काढवितो आणि बृहन्नडेच्या वेषातील आपण कोण, हे त्याला सांगतो. गुपित कशासाठी आणि कोठवर, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कथेपाशी असतात तिचे गुपित वाचकाच्या मनाला पटते.

हे माप एका अगदी आधुनिक कथाप्रकाराला लावून पाहता येते. जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात. त्यांत दोन तरुणांच्या परस्पर प्रेमाच्या कथांचे एक स्वतंत्र दालन आहे आणि ते ‘बॉईज लव्ह’ या इंग्रजी नावाने जगभर ओळखले जाते. नवल असे की, या कथांच्या लेखिका बहुतांशी स्त्रिया आणि वाचकवर्गही मुख्यतः स्त्रियांचाच. हा प्रवाह मुलींच्या मासिका-साप्ताहिकांतून उगम पावला. १९४९ च्या आसपास जन्मलेल्या काही लेखिकांनी १९७० नंतरच्या दशकात मुलींच्या चित्रकथेचे रूपच पालटले. मोतो हागिओ यांची ‘टोमासचे हृदय’ ही कथा १९७४ साली क्रमशः प्रसिद्ध झाली, तर केइको ताकेमिया यांची ‘वारा आणि वृक्षाचे गीत’ १९७६ पासून. १९७८ साली ‘जून’ नावाचे खास नियतकालिक निघाले आणि पुढे या प्रकाराची मोठी बाजारपेठ उभी राहिली.

स्त्रियांनी पुरुषांच्या प्रेमाकडे का वळावे? याचे एक उत्तर असे दिले जाते, की रूढ प्रेमकथेत नायिकेची जागा आधीच ठरलेली असे: तिने वाट पाहावी, सोसावे आणि अखेरीस कोणाची तरी व्हावे. दोन्ही पात्रे पुरुष केली की ही नेमणूक आपोआप रद्द होते आणि प्रेम म्हणजे नेमके काय, हा प्रश्न नव्याने विचारता येतो. या प्रकाराचे खरे सामर्थ्य येथे आहे आणि त्याच्या अपयशाचे मूळही येथेच आहे. कारण पुष्कळ कथांत ती जुनी नेमणूक मागच्या दाराने परत येते. एकाने सदैव पुढाकार घ्यावयाचा, दुसऱ्याने सदैव लाजावयाचे. एक उंच व धीट, दुसरा नाजूक व रडवा. मग पात्रे उरत नाहीत, साचे उरतात. त्याहून गंभीर दोष म्हणजे बळजोरीला उत्कटता समजणे. एकाच्या नकाराला दुसऱ्याने होकार मानावा आणि लेखिकेने त्यालाच प्रेम म्हणावे, ही या प्रकारातील जुनी खोड आहे. विश्वासाच्या पायावर जी कथा उभी नाही, ती कितीही सुंदर रेखाटली तरी पोकळच राहते.

‘टोमासचे हृदय’ या कथेचे यश नेमके उलट कारणाने आहे. जर्मनीतील एका वसतिशाळेत ती घडते. टोमास नावाचा मुलगा कथेच्या आरंभीच मरण पावतो आणि त्याचे पत्र युली या विद्यार्थ्याच्या हाती पडते. पुढे टोमाससारखाच दिसणारा एरिख शाळेत दाखल होतो. युली कोणाचेच प्रेम का स्वीकारू शकत नाही, हे या कथेतील गुपित आहे. त्याचे कारण त्याच्या मनाला झालेल्या एका खोल जखमेत आहे आणि ती जखम उघड झाल्यावाचून कथा पुढे सरकू शकत नाही. अडथळा बाहेरून आणून ठेवलेला नाही, तो पात्राच्या अंतःकरणातून उगवला आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही ही कथा वाचली जाते.

या प्रकाराविरुद्ध सर्वांत टोचणारा आक्षेप १९९२ साली जपानमध्येच घेतला गेला. मासाकी सातो या समलिंगी पुरुषाने एका स्त्रीवादी नियतकालिकातून विचारले, की आमच्या जीवनाची चित्रे आमच्याशी काही संबंध न ठेवता केवळ करमणुकीसाठी का रंगवावीत? त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला. आक्षेपात तथ्य होते. ज्या कथांत नायकांना घर नाही, आईबाप नाहीत, घरभाडे नाही आणि शेजाऱ्यांची भीतीही नाही, त्या कथांतील गुपित म्हणजे केवळ सजावट ठरते. फुमी योशिनागा यांची २००७ पासून चालू असलेली ‘काल काय जेवलात?’ ही मालिका प्रौढांच्या साप्ताहिकातली, म्हणून काटेकोर अर्थाने या दालनातली नव्हे. पण या आक्षेपाचे उत्तम उत्तर तिच्यात सापडते. एक वकील आणि एक केशकर्तनकार टोकियोत एकत्र संसार करतात. वकील काटकसरी, भाजीचा भाव पाहून रात्रीचा स्वयंपाक ठरवितो आणि कचेरीत आपले खाजगी जीवन झाकून ठेवतो. दुसरा मोकळ्या मनाचा. वृद्ध होत चाललेले आईवडील, खर्चाचा हिशेब, वाढते वय, या साऱ्यांतून प्रेम दिसते. ते निराळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे या विषयाला चित्रकथेचे रूप क्वचितच लाभले, पण गद्यात त्याची दखल घेतली गेली आहे. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. घरात भाड्याने राहावयास आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम जडते. तो निघून जातो. अनुजाच्या दुःखाभोवती सारे घर गोळा होते. तनयच्या दुःखाला मात्र नावही मिळत नाही. गुपिताची खरी किंमत ती हीच: रडावयाचा अधिकारही नसणे. कानडीत वसुधेंद्र यांच्या ‘मोहनस्वामी’ या २०१३ च्या कथासंग्रहातही मोहनस्वामीचा जिवलग कार्तिक एका मुलीशी लग्न ठरवितो, तेव्हा मोहनस्वामीपुढे हाच एकाकीपणा उभा राहतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक पुसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे तुरुंगाचे भय गेले. उंबरठ्याचे भय राहिले. पुढील लेखकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. आता गुपिताचे कारण कायद्याच्या पुस्तकात शोधून भागणार नाही; ते आईच्या अबोल्यात, वडिलांच्या नजरेत, लग्नाच्या बैठकीत आणि स्वतःच्या मनातील संकोचात शोधावे लागेल.

चित्रे मोहक आहेत की नाहीत, शेवट गोड आहे की कडू, हे प्रश्न त्यामानाने दुय्यम होत. दोन्ही माणसे पूर्ण उभी राहिली आहेत काय, एकाचा नकार दुसऱ्याने मानला आहे काय, भोवतालचे जग खरे आहे काय आणि जे लपविले त्याची मुदत कोणी तरी संपविली काय, एवढे वाचकाने पाहावे. मुदत संपविणे म्हणजे जाहीर घोषणाच असली पाहिजे असे नाही. उत्तरासारखा एखादाच साक्षी पुरेसा असतो. ज्याच्यापाशी आपले खरे नाव सांगता येते असे एक माणूस कथेत असले, की ती कथा परक्या देशातील असली तरी आपली वाटू लागते.