भोवळ, कान आणि शस्त्रक्रिया

लासूर स्टेशनच्या कांदा मार्केटमध्ये गोणी उचलताना कुणाला भोवळ आली, की लोक पित्ताला, बीपीला नाहीतर मानेच्या मणक्यांना दोष देऊन मोकळे होतात. कानाची आठवण कुणाला होत नाही. पण भोवतालचे सारे अर्धा तास, कधी तीन-चार तास गरगर फिरते, उलट्या होतात आणि त्याच वेळी एक कान दडा बसल्यासारखा होऊन गुणगुणू लागतो, असे पुन्हा पुन्हा घडत असेल तर मेनिएरच्या आजाराची शंका घ्यावी. कुशीवर वळताना क्षणभर येणारी चक्कर निराळी. तिला सहसा ऑपरेशन लागत नाही.

अशा चकरेचे मूळ कानात असू शकते, हे पॅरिसचे डॉ. प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये सांगितले. आतल्या कानातल्या द्रवाचा फुगवटा या आजारात दिसतो. म्हणून आधी मीठ कमी, म्हणजे पापड-लोणचे बंद, आणि गोळ्या. बहुतेकांचे एवढ्यावर भागते.

ज्यांचे भागत नाही त्यांना द्रवाच्या पिशवीवरची शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती पोर्टमान यांनी 1927 मध्ये फ्रान्समध्ये केली. तीत ऐकू येणे बहुधा टिकते. पण 1981 मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 30 रुग्ण घेतले. निम्म्यांवर ही शस्त्रक्रिया केली, निम्म्यांचे नुसते कानामागचे हाड कोरले. बरे वाटले दोन्हीकडच्या बहुतेकांना! वाद अजून मिटलेला नाही. आजार मुळातच चढउतारांचा, त्यामुळे हिच्यासाठी घाई करू नये, असे मला वाटते.

कानातला तोलाचा भागच काढून टाकला तर चक्कर जवळजवळ नक्की थांबते. मात्र त्या कानाने ऐकू येणे संपते. कान आधीच निकामी झाला असेल तर हा सौदा वाईट नाही. ऐकू येणे वाचवून फक्त तोलाची नस कापता येते, पण त्यासाठी कवटी उघडावी लागते. पडद्यातून जेंटामायसिनचे इंजेक्शन हा मधला मार्ग. त्यातही ऐकू येण्याला थोडा धोका असतोच.

म्हणून आधी घाटीत किंवा जवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे दोन्ही कानांचा आलेख काढून घ्यावा. हा आजार पुढे काहींच्या दुसऱ्या कानातही उतरतो. मग काढलेला कान परत कुठून आणणार?

तोलाचा भाग काढल्यावर पहिले काही दिवस फार जड जातात. हळूहळू मेंदू सावरतो, माणूस डोळ्यांच्या आणि पायांच्या आधाराने चालायला शिकतो. अंधारात मात्र डोळ्यांचा आधार सुटतो. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला बांधावरून जाताना बॅटरी हवी, सोबत माणूस हवा, आणि विहिरीच्या काठाशी तर मुळीच जाऊ नये.