पवनी : घराजवळचा स्तूप

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आपणापुढे प्रवचन करणार नाही. गेल्या हिवाळ्यात संस्थेची एक दिवसाची सहल पवनीला गेली होती. त्या सहलीची हकीकत सांगावी, अशी कार्यकारिणीची सूचना आहे. हकीकत साधीच आहे. परंतु त्या दिवशी एका विद्यार्थ्याने आम्हांला एक प्रश्न विचारला आणि आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही. ते उत्तर देणे आमच्याकडे राहिले आहे.

पवनीचे कसे ठरले, ते आधी सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांनी बोधगया, सारनाथ, सांची पाहिली आहे. काही सभासद थायलंडलाही जाऊन आले. त्यांनी बैठकीत नाखोन पाथोम या गावाचे वर्णन केले. हे गाव बँकॉकच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तेथे एक प्राचीन स्तूप पडक्या अवस्थेत होता. राजा मोंगकूट हे गादीवर येण्यापूर्वी २७ वर्षे भिक्खू होते. त्यांनी त्या जुन्या स्तूपाला पोटात घेऊन नवा स्तूप बांधण्याचे काम १८५३ मध्ये सुरू करविले आणि ते त्यांच्या पुत्राच्या कारकिर्दीत १८७० मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे १२० मीटर. गावाचा बाजार, जत्रा, शाळेच्या मुलांची ये-जा, सारे त्या स्तूपाच्या सावलीत चालते. हे ऐकून एका भगिनीने सहज विचारले, "आपल्या विदर्भात असं एखादं गाव का नाही?" तेव्हा आमचे एक निवृत्त शिक्षक सभासद म्हणाले, "आहे ना. पवनी. आपण कधी गेलो नाही, एवढंच."

सकाळी सातला निघायचे ठरले होते, निघालो आठला. दिघोरी ओलांडून उमरेडच्या रस्त्याला लागलो. पूर्वी या बाजूने नागपूर-नागभीड ही छोट्या रुळांची गाडी धावत असे. ती २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने 'पवनी रोड' स्टेशनवर उतरल्याच्या आठवणी म्हाताऱ्या मंडळींनी वाटेत सांगितल्या. उमरेडला चहा घेतला. एके काळी उमरेड आणि पवनी ही दोन्ही गावे रेशीमकाठी कापडाच्या हातमागांसाठी नावाजलेली होती आणि आपल्या समाजातील कितीतरी घरे विणकामावर जगत होती, ही गोष्टही तिथेच निघाली. पुढे भिवापूरला मिरची घेण्यासाठी गाडी थांबवावीच लागली. त्यात अर्धा तास गेला, पण कोणी कुरकुर केली नाही. सहल म्हटली की एवढे चालायचेच.

पवनीत शिरताना प्रथम दिसतो तो मातीचा तट. तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी या नगराची प्राचीन रचना आहे. आज पवनीला लोक देवळांचे आणि घाटांचे गाव म्हणून ओळखतात. तटावर चढून मुलांना सांगितले, "हा तट पाहा. एवढा बंदोबस्त लहान खेड्याला कोणी करीत नाही." दोन हजार वर्षांपूर्वी येथे भरभराटीचे नगर होते आणि जेथे व्यापारी नगर, तेथे विहार व स्तूप, हे आपण सर्वत्र पाहतो.

तेथून जगन्नाथ टेकडीवर गेलो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्याला लोक टेकडी म्हणत होते, तो विटांचा महास्तूप निघाला. त्याचा व्यास ४० मीटरच्या आसपास भरतो. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटर आहे आणि आपल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचा १२० फूट, म्हणजे तितकाच. यावरून पवनीच्या स्तूपाचा आकार ध्यानात येईल. सांचीला आपण रात्रभर रेल्वेत बसून जातो. पवनी नागपूरपासून दोन-अडीच तासांवर आहे.

पण मित्रहो, सांचीसारखे उभे असलेले तेथे काही नाही. मुलांचे चेहरे उतरले. एका लहान मुलाने विटेचा एक तुकडा उचलून खिशात घातला. आमच्यातील एका आजींच्या ते नजरेस पडले. त्या म्हणाल्या, "बाबू, ठेव तो जिथचा तिथं. एकेक जण एकेक नेत गेला, म्हणून तर हे असं झालं." मुलाने तुकडा परत ठेवला. आम्हांला वाटते, त्या दिवसाचे सर्वांत मोठे भाषण ते होते.

त्याच वेळी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "हे बौद्धांचं होतं, हे कळलं. पण हे आपलं होतं, हे कशावरून? आपण तर १९५६ साली बौद्ध झालो." प्रश्न सरळ होता. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. कोणी म्हणाले, जेवायची वेळ झाली. झाडाखाली डबे उघडले, झुणका-भाकर आणि ठेचा झाला. पण प्रश्न तसाच राहिला.

परत आल्यावर आम्ही वाचन केले आणि आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हे शहर का निवडले, याचा खुलासा केला होता. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक होते आणि त्यांची वस्ती या भागात होती, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी पवनीला उत्खनन झाले. तेथील कठड्याच्या एका खांबावर बोधिवृक्षाखालचे रिकामे आसन आहे आणि त्यावर फणा उभारलेला मुचलिंद नाग आहे. संबोधीनंतर मोठा पाऊस आला असता भगवंतांवर फण्याचे छत्र धरणारा तो हाच नागराज. त्या काळी बुद्धांची मूर्ती घडवीत नसत, म्हणून आसन रिकामे. हा खांब आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रदर्शनात मांडला गेला. जगाने तो पाहिला. तो ज्या गावचा, त्या गावाला आपण गेलो नव्हतो.

तथापि या एका खांबावरून बाबासाहेबांचे म्हणणे सिद्ध झाले, असे आम्ही म्हणणार नाही. नागाचे शिल्प भारहूतलाही आहे. अभ्यास करणाऱ्याने पुराव्यापेक्षा मोठे बोलू नये, ही शिकवणही बाबासाहेबांचीच आहे.

आमच्या मते खरे उत्तर तेथील ब्राह्मी लेखांत आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी हे लेख वाचले. ते बहुतेक दानाचे लेख आहेत. एक लेख नाग नावाच्या माणसाचा आहे आणि त्याला पाच निकाय जाणणारा म्हटले आहे. दुसऱ्यात विसमिता नावाच्या स्त्रीचे दान असून ते सर्व सत्त्वांच्या सुखासाठी असो, एवढीच तिची इच्छा कोरलेली आहे. कोणा एका राजाने हा कठडा उभा केलेला नाही. एकाने खांब दिला, दुसऱ्याने शिळा दिली. आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी असते. कोणाचे ५१ रुपये, कोणाचे ५०१. पवनीचा कठडा ही तशीच यादी आहे. विसमितेची जात, कूळ आपल्याला ठाऊक नाही. तिचे रक्त आपल्यात आहे, असा दावा करण्याची गरजही नाही. तिने जी इच्छा केली, तीच आपण दर पौर्णिमेला वंदनेच्या शेवटी करतो. म्हणून ते आपले. आणि आपले म्हटले की सांभाळण्याची जबाबदारीही आपली.

दुपारनंतर गावापासून जवळच रुयाड-सिंदपुरी येथील महासमाधीभूमीचा महास्तूप पाहिला. जपानी बौद्धांच्या सहकार्याने तो उभा राहिला आहे. तेथे वंदना घेतली. पवनीच्या मातीत पुन्हा स्तूप उभा राहिला, हे पाहून आजींनी डोळे पुसले. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर बसलो. मुलांनी पाण्यात पाय सोडले, कोणी भीमगीते म्हटली. तासभर कोणीच घड्याळाकडे पाहिले नाही.

शेवटी तीन सूचना करतो. पहिली, संस्थेने दर हिवाळ्यात ही सहल काढावी आणि जाण्यापूर्वी एक रविवार माहितीसाठी द्यावा; आमच्यासारखे रिकाम्या हाताने जाऊ नये. दुसरी, निदान पाच विद्यार्थ्यांनी ब्राह्मी लिपी शिकावी. अक्षरे थोडी आहेत, महिन्या-दोन महिन्यांत येतात. तिसरी, तेथून काहीही उचलून आणू नये आणि पडझड दिसल्यास संस्थेने संबंधितांना लेखी कळवावे.

राजा मोंगकूटसारखा राजा आपल्याकडे नाही. पण पवनीचा स्तूप विसमितेसारख्यांच्या दानावर उभा राहिला होता आणि तशी माणसे या सभागृहात पुष्कळ आहेत.

 भवतु सब्ब मंगलं. जयभीम.