काकांचा हिशेब आणि खाडीपलीकडचा पत्ता

रेवदंड्याला आमच्या शेजारच्या काकांकडे जुना संगणक आहे. नारळी-पोफळीच्या वाडीचा सगळा हिशेब त्यातच. विंडोज एक्सपीचा आधार 2014 सालीच संपलेला, म्हणून मी त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवून दिले. आठ दिवस छान चालले. मग मी ते अद्ययावत केले आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर एकच ओळ: डिस्कच्या बाहेर वाचण्याचा प्रयत्न.

"हिशेब गेला का रे?" काकांनी विचारले. माझ्या पोटात गोळा आला, कारण प्रत काढून ठेवलीच नव्हती.

हिशेब गेला नव्हता. संगणक सुरू करून देणारा ग्रब हा छोटा प्रोग्रॅम डिस्क वाचतो तो बायॉसच्या मदतीने. जुन्या बायॉसची नजर अनेकदा 137 जीबीपर्यंतच पोचते. काकांची डिस्क 160 जीबीची आणि लिनक्सचा भाग तिच्या शेवटी. नवे कर्नल त्या हद्दीपलीकडे जाऊन बसले. पत्ता बरोबर, पण पोस्टमनला खाडी ओलांडता येईना!

लाइव्ह सीडीवरून संगणक सुरू केला. लिनक्स डिस्क स्वतः वाचते, त्यामुळे सारे दिसले. आधी हिशेब पेनड्राइव्हवर घेतला. मगच नवी मांडणी केली: डिस्कच्या आरंभी 'बूट'चा 1 जीबीचा वेगळा भाग, बाकीचे त्यामागे.

तेव्हापासून कुणाच्याही संगणकाला हात लावण्याआधी मी पेनड्राइव्ह मागतो. काका हसतात, पण देतात.